एकशे त्रेसष्ट पायऱ्या

येर्कोने मोजल्यात. एकशे त्रेसष्ट,
रस्त्यापासून आमच्या तालमीच्या खोलीपर्यंत.
मधे एक कुत्रा झोपतो, तो मोजलेला नाही.
तारेवरून टेकडी चढणारा लाकडी डबा
दोन वर्षं दुरुस्तीला आहे,
आणि दुरुस्तीवाला म्हणे पलीकडच्या टेकडीवर राहतो.

असं हे वाल्पाराइसो.
आम्ही चौघं: माइते गाते, येर्को ड्रमवर,
निबाल्दो बेस, माझ्याकडे अकॉर्डियन
आणि हिशेबाची वही.

निबाल्दोची तक्रार जुनीच.
"लोक नाचतात ते येर्कोच्या झांजांवर.
माझी खालची तार कुणाच्या कानावरच जात नाही.
आवाज बंद केलेल्या टीव्हीतल्या माणसासारखा
मी आपला बोटं हलवत असतो."
मागच्या शनिवारी, कोळ्यांच्या युनियनच्या हॉलमध्ये,
मी मुद्दाम मागच्या भिंतीला जाऊन उभा राहिलो.
खरं होतं त्याचं.
सगळं होतं, मीठ तेवढं राहिलं होतं.

म्हणून मग एलेउतेरिओचं दुकान, बंदराजवळचं.
एक अठरा इंची सबवूफर, कपाटाएवढा,
अठ्ठेचाळीस किलो, एका बंद पडलेल्या डिस्कोतला.
एक बारा इंची, तेवीस किलो,
दोन्ही बाजूंना कड्या, कोपरा जरासा चेपलेला.
निबाल्दो बाराकडे बघेचना.
मोठ्याच्या जाळीवर हात ठेवून उभा राहिला,
घोडा विकत घ्यायला आल्यासारखा.

आणि मग आलाच तो आवाज.
आधी तळपायांना, मग पोटरीत,
मग काउंटरवरच्या सुट्या स्क्रूंमध्ये बारीक किणकिण.
निबाल्दोने डोळे मिटले.
"हाच," म्हणाला. "काय खोली आहे! हाच घेऊ."
एलेउतेरिओ दाराच्या चौकटीत उभा होता.
"पोरा," तो म्हणाला,
"वायर अजून माझ्या हातात आहे."

वर टांगलेला दिवा
हळूहळू थांबला.
माइतेने आईला फोन लावला.
आई म्हणाली, छोटाच होता, कपसुद्धा पडला नाही.
तेव्हा कुठे आम्ही हसलो, पोट धरून,
निबाल्दो सगळ्यात शेवटी.

पण नंतर अठरा इंची खरंच लावला,
त्याने खालची तार सोडली,
आणि वरच्या मजल्यावरची बाई
पोराला काखेत मारून रस्त्यावर आली,
एका पायात चप्पल,
विजेच्या तारा हलतात का बघत.
या वेळी कुणी हसलं नाही.
निबाल्दोने तारेवर तळहात ठेवून ती गप्प केली,
बाहेर गेला, टोपी काढली,
तिच्याशी काय बोलला कोण जाणे.

बारा इंची लावला.
हा छातीत घुसत नव्हता,
शेजारी बसून हळू आवाजात बोलत होता.
"पंचेचाळीसच्या खाली हा जाणार नाही,"
एलेउतेरिओने आधीच सांगून टाकलं.
"नको जाऊ दे," येर्को म्हणाला,
"तिथे खाली जो राहतो,
तो बोलावल्याशिवाय येतो, आगाऊ पैसेही घेत नाही.
आणि अठ्ठेचाळीस किलो तू उचलणार आहेस का?"

वहीत लिहिलं: सबवूफर, एक.
चेपलेल्या कोपऱ्याचे कमी केले.
केबलचे घेतले, तिथे घासाघीस चालली नाही.

सत्त्याण्णवाव्या पायरीवर टेकलो.
कुत्र्याने हुंगलं, त्याला पटलं नाही.
निबाल्दो अजून घुम्यासारखाच,
पण कडी त्याने कुणाला धरू दिली नाही.

वर पोचलो तेव्हा बंदरातले दिवे लागले होते.
वायर जोडली. त्याने खालची तार छेडली,
एकदा, अगदी सांभाळून.
टेबलावरच्या ग्लासात पाणी शहारलं.
माइते माइकपाशी येता येता थांबली,
वर दिव्याकडे बघितलं.
दिवा हलत नव्हता.
मग तिने पहिली ओळ घेतली.